अंत्यसंस्काराचे टप्पे: दहनापासून सपिंडीपर्यंत कोणता विधी कशासाठी

आपला प्रश्न असा आहे: वडिलांच्या निधनानंतर गुरुजी सांगत गेले तसे आपण सर्व काही केले, परंतु त्या तेरा दिवसांत कोणता विधी कशासाठी होता, त्यांतला आवश्यक भाग कोणता आणि रूढीने आलेला कोणता, हे घरातील कोणालाच नीट सांगता येत नाही, शिवाय दहाव्या दिवशी कावळा शिवला नाही, याची रुखरुख आईंच्या मनातून अजून गेलेली नाही. पौरोहित्य करताना हे प्रश्न मला अनेक घरांतून विचारले गेले आहेत. ते विचारण्याचा कर्त्याला पूर्ण अधिकार आहे आणि त्यांचे उत्तर देणे हे सांगणाऱ्याचे कर्तव्यच आहे, असे मी मानतो. उत्तरासाठी महाराष्ट्रातील हिंदू घरांत चालणारी दहनाची पद्धत मी समोर ठेवली आहे. आश्वलायन, हिरण्यकेशी, माध्यंदिन अशा वेदशाखांप्रमाणे मंत्र आणि क्रम बदलतात, गावागावांच्या आणि समाजासमाजांच्या रूढीही वेगळ्या असतात. सांगाडा मात्र बहुतेक ठिकाणी एकच आढळतो.

हा सांगाडा आधी लक्षात घ्यावा. पहिल्या दिवशी देह अग्नीच्या स्वाधीन केला जातो. त्यानंतरचे दहा दिवस देह सुटलेल्या जीवाच्या पुढच्या प्रवासाची तयारी होते. अकराव्या आणि बाराव्या दिवशी त्याला कुळातील पितरांच्या पंक्तीत बसवले जाते (त्यातला बाराव्या दिवसाचा मुख्य विधी म्हणजे सपिंडी) आणि तेराव्या दिवशी मागे राहिलेली माणसे पुन्हा नित्य जीवनात येतात. एखादा विधी या चारांपैकी कोणते काम करतो, एवढे कळले की काय संक्षेपाने केले तरी चालते आणि काय वगळू नये, याचा निर्णय बहुतेक वेळा कर्त्याला स्वतःच घेता येतो.

प्राण जाण्याच्या वेळी मुखात गंगाजल आणि तुळशीपत्र घालणे, जमिनीवर दर्भ पसरून त्यावर देह ठेवणे आणि उशाशी दिवा लावणे, ही पहिली कृत्ये होत. आज पुष्कळ मृत्यू रुग्णालयात होतात आणि देह काही तासांनी घरी येतो. अशा वेळी हीच कृत्ये देह घरी आल्यावर करतात; वेळ चुकली म्हणून दोष लागला, असे मनात आणू नये. दक्षिण ही यमाची दिशा असल्याने देह दक्षिणोत्तर ठेवतात, पण डोके कोणत्या बाजूला आणि पाय कोणत्या बाजूला, याविषयी घराघरांत भेद आहेत आणि त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. देहाला स्नान घालून नवे वस्त्र नेसवतात. नेत्रदानाचा संकल्प असेल तर तो याच सुमारास, मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत पार पडावा लागतो, म्हणून नेत्रपेढीला तत्काळ कळवावे. नेत्रदानाने पुढच्या कोणत्याही विधीला बाधा येत नाही. डॉक्टरांचे मृत्यूचे प्रमाणपत्रही याच वेळी हाताशी असावे, कारण त्यावाचून स्मशानभूमीत दहनाची नोंद होत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी लागते.

तिरडी बांबू आणि कामट्यांची बांधतात. कर्ता, म्हणजे ज्याने अग्नी द्यायचा तो, विस्तव घातलेले मडके हातात धरून पुढे चालतो. काही भागांत याला टिटवे म्हणतात. घरातला अग्नी माणसाबरोबर स्मशानापर्यंत जातो आणि त्याच अग्नीने चिता पेटते, ही त्यामागची जुनी कल्पना आहे. अग्निहोत्री पुरुषाचे दहन त्याने आयुष्यभर सांभाळलेल्या अग्नीनेच होत असे. वाटेत विसाव्याच्या जागी तिरडी खाली ठेवतात, पिंड ठेवतात आणि खांदेकरी बाजू बदलून पुढे निघतात. मृत्यूच्या जागी, दारात, चव्हाट्यावर, विसाव्याला, चितेवर आणि अस्थिसंचयनाच्या वेळी असे सहा पिंड गरुडपुराणात सांगितले आहेत. सहाही ठिकाणी पिंड देणे शहरात बहुधा जमत नाही, म्हणून पुष्कळ गुरुजी ते स्मशानातच एकत्र देववतात. हा संक्षेप मान्य आहे.

चितेवर देह ठेवल्यावर कपाळ, मुख, दोन्ही बाहू आणि छाती येथे पिठाचे पिंड ठेवून मंत्राग्नी दिला जातो. या वेळचे मुख्य मंत्र ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील यम आणि अग्नी यांच्या सूक्तांतून आलेले आहेत. सोळाव्या सूक्तात अग्नीला विनवले आहे की, याला जाळून टाकू नकोस, याला यातना देऊ नकोस, याला परिपक्व कर आणि मग पितरांकडे पाठव. त्याच सूक्तात डोळा सूर्याला मिळो आणि प्राण वायूला मिळो, असे मृताला उद्देशून म्हटले आहे. अग्नी देताना कर्त्याला या दोन मंत्रांचा अर्थ मराठीत सांगितला गेला पाहिजे, असा माझा आग्रह असतो, कारण त्या क्षणी त्याच्या मनात आपण वडिलांना जाळत आहोत ही एकच टोचणी असते आणि मंत्र नेमके त्याच टोचणीला उत्तर देत असतात.

यानंतर कर्ता पाण्याने भरलेला घट डाव्या खांद्यावर घेऊन चितेभोवती उलट्या दिशेने तीन फेऱ्या घालतो. प्रत्येक फेरीला मागून एकजण दगडाने घटाला छिद्र पाडतो, पाण्याची धार लागते आणि शेवटी कर्ता मागे न पाहता घट खांद्यावरून मागे टाकतो. ज्या दगडाने छिद्र पाडले तो अश्मा, म्हणजेच जीवखडा. तो जपून ठेवतात, कारण पुढचे दहा दिवस तिलांजली याच अश्म्यावर द्यायची असते. देह गेल्यानंतर मृताचे प्रतीक म्हणून हातात उरते ते एवढेच. कवटी फुटण्याशी संबंधित कपालक्रिया ही बहुतेक ठिकाणी स्मशानातील जाणती माणसे सांभाळतात आणि विद्युतदाहिनीत तिचा प्रश्नच उरत नाही. विद्युतदाहिनी अथवा गॅसदाहिनी असेल तर पिंड, मंत्र, प्रतीकात्मक अग्नी आणि घट हे सर्व देह आत जाण्यापूर्वी बाहेरच करतात. छातीवर कापूर पेटवून मंत्राग्नी दिला की संस्कार पूर्ण झाला. लाकडाची चिता नव्हती म्हणून संस्कार उणा राहिला, असे कोणी म्हटले तर ते मनावर घेऊ नये.

स्मशानातून परतल्यावर दारात कडुलिंबाचे पान चावणे, पाणी आणि अग्नी यांना स्पर्श करणे आणि दगडावर पाय ठेवून आत येणे, हा आचार याज्ञवल्क्यस्मृतीत आला आहे. घरात मृत्यूच्या जागी दिवा लावून तो दहा दिवस तेवत ठेवतात. दिव्याखाली पीठ पसरून त्यावर उमटलेल्या खुणांवरून पुढचा जन्म ओळखण्याची चाल ही निव्वळ रूढी आहे आणि तिच्यामुळे घरात नको त्या चर्चा होतात, म्हणून ती न केलेली बरी.

अग्नी कोणी द्यावा, यावरून अनेक घरांत ऐन वेळी क्लेश होतात, तेव्हा याविषयी स्पष्ट लिहितो. पुत्र, पौत्र, प्रपौत्र यांच्यानंतर धर्मशास्त्रातील अधिकाऱ्यांच्या यादीत पत्नी आणि कन्या यांची नावे येतात. स्त्रीला अधिकारच नाही, हे म्हणणे शास्त्राला धरून नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी महात्मा फुले यांचे निधन झाले, तेव्हा दत्तकपुत्र यशवंताच्या अधिकारावरून नातलगांनी वाद घातला आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेऊन पतीला अग्नी दिला. एवढ्या वर्षांनंतर एखाद्या मुलीला स्मशानाच्या दारात अडवले जाते, तेव्हा मला फार वाईट वाटते. मात्र एक नियम खरोखर पाळण्यासारखा आहे: ज्याने अग्नी दिला त्यानेच दहा दिवसांचे कार्य पुरे करावे. परगावचा मुलगा चौथ्या दिवशी पोहोचला, तरी पुतण्याने अथवा मुलीने सुरू केलेले कार्य त्यांच्याकडून काढून घेऊ नये. म्हणून अग्नी देणाऱ्याला पुढचे दहा दिवस उपलब्ध राहता येईल का, हे आधीच विचारून घ्यावे.

तिसऱ्या दिवशी अस्थिसंचयन, म्हणजे ज्याला आपण राख सावडणे म्हणतो, ते होते. विद्युतदाहिनीत अस्थी त्याच दिवशी मिळतात, त्यामुळे हा विधी दहनाच्या दिवशीच उरकण्याची पद्धत पडली आहे आणि तिला हरकत नाही. अस्थींचे विसर्जन शक्यतो दहा दिवसांच्या आत करावे. नाशिकचे रामकुंड, पंढरपूरची चंद्रभागा, आळंदीची इंद्रायणी, वाईची कृष्णा किंवा काशी-प्रयाग, यांपैकी जिथे जाणे झेपेल ते तीर्थ योग्य. विसर्जन दहा दिवसांत जमले नाही तर नंतर तीर्थावर श्राद्धपूर्वक करता येते.

अशौच, म्हणजे सुतक, सपिंडांना, म्हणजे सात पिढ्यांच्या आतील कुळातल्या नातलगांना, दहा दिवसांचे असते. विवाहित कन्येला आई-वडिलांचे सुतक तीन दिवसांचे सांगितले आहे. दिवस मोजताना नेहमी गोंधळ होतो: मृत्यू रात्री अकराला झाला आणि दहन दुसऱ्या दिवशी सकाळी, तर पहिला दिवस कोणता? अग्निहोत्री नसलेल्यांसाठी गणना मृत्यूच्या दिवसापासून होते, दहनापासून नव्हे. मध्यरात्रीनंतरचा मृत्यू कोणत्या दिवसात धरावा, याविषयी ग्रंथांत तीन मते आहेत. मध्यरात्र ही सीमा मानावी, रात्रीचे तीन भाग करून पहिले दोन आदल्या दिवसात धरावेत, अथवा सूर्योदयापर्यंत आदलाच दिवस मानावा. आपल्या भागात जो आचार रूढ असेल तो घ्यावा आणि एकदा घेतला की दहावा, अकरावा, बारावा सर्व त्याच हिशेबाने करावेत.

आता दहा दिवसांच्या पिंडांविषयी. येथे प्रेत हा शब्द शवासाठी नसून, देह सुटला आहे पण पितरांत अद्याप स्थान मिळालेले नाही अशा अवस्थेतील जीवासाठी आहे, आणि संकल्पात तो मृताच्या नावापुढे उच्चारला जातो, तेव्हा ऐकणाऱ्याने दचकू नये. या जीवाला प्रवासासाठी देह हवा, म्हणून रोजच्या पिंडाने त्याचा एकेक अवयव घडतो, अशी कल्पना आहे. पहिल्या दिवशी मस्तक, दुसऱ्या दिवशी डोळे, कान आणि नाक, तिसऱ्या दिवशी मान, खांदे, बाहू आणि छाती, असे करत दहाव्या दिवशी त्या देहाला भूक आणि तहान प्राप्त होते. ग्रंथांत मधल्या अवयवांचा क्रम थोडा वेगळा आढळतो. गर्भात बाळाची वाढ महिन्यामहिन्याने व्हावी तशी ही दिवसादिवसाने होणारी घडण आहे, असे मी यजमानांना सांगतो, आणि ते ऐकल्यावर पिंड करणाऱ्या हातांत वेगळीच काळजी येते. हल्ली दहाही पिंड दहाव्या दिवशी घाटावर एकाच बैठकीत देतात. नोकरी-व्यवसायाच्या आणि जागेच्या अडचणीत हे समजण्यासारखे आहे, परंतु माझे मत विचाराल तर निदान तिलांजली तरी रोज द्यावी. तिला पाच मिनिटे लागतात, मूठभर तीळ आणि पाणी लागते, आणि रोज ठरावीक वेळी वडिलांचे नाव-गोत्र उच्चारून पाणी देण्याने घराला त्या दिवसांत जो आधार मिळतो तो दहाव्या दिवशीच्या गर्दीत मिळत नाही.

दहाव्या दिवशी क्षौर, पिंडदान, अश्म्याचे विसर्जन आणि काकस्पर्श होतो. आईंच्या मनातील शंका याच ठिकाणची आहे. पिंडाला कावळा शिवला म्हणजे मृताची इच्छा राहिली नाही आणि शिवला नाही म्हणजे काहीतरी अपुरे राहिले, अशी समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. कावळा न शिवल्यास घरची माणसे एकेक पुढे होऊन, धाकट्याचे लग्न करू, आईला सांभाळू, अशी वचने देतात, तरीही कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून त्याचा स्पर्श पिंडाला करतात आणि कार्य पुढे नेतात. दर्भाच्या कावळ्याची सोय परंपरेनेच ठेवली आहे, याचा अर्थ प्रत्यक्ष कावळ्यावाचून कार्य अडत नाही, हे परंपरेलाही मान्य आहे. कावळा येणे वा न येणे हे घाटावरची गर्दी, दिवसाची वेळ आणि आधीच कावळ्यांना मिळालेले किती पिंड शेजारी पडले आहेत यांवर अवलंबून असते. एकाच सकाळी घाटावर अनेक घरांचे दहावे चालू असतात आणि पोट भरलेला कावळा कोणाच्याच पिंडाकडे वळत नाही. आपल्या वडिलांचा पिंड विधिवत दिला गेला होता, त्यानंतर सपिंडीही झाली आहे. त्यांची इच्छा अतृप्त राहिली, असा अर्थ कावळ्यावरून काढायला कोणताही आधार नाही. आईंना हे आपण स्वतः सांगावे आणि शक्य झाल्यास ज्या गुरुजींनी कार्य केले त्यांच्याकडूनही सांगवून घ्यावे. गुरुजींच्या शब्दाने आईंना अधिक धीर येईल.

अकराव्या दिवशी एकोद्दिष्ट, म्हणजे केवळ मृत व्यक्तीला उद्देशून केलेले श्राद्ध, होते. या दिवशी अनेक लहान-मोठी श्राद्धे आणि दाने एकापाठोपाठ येतात आणि कर्ता सर्वांत अधिक गोंधळतो तो येथे. त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे सोळा मासिके, म्हणजे वर्षभरात ठरावीक वेळी करायची श्राद्धे. वर्षाच्या बारा महिन्यांची बारा आणि ऊनमासिक, त्रैपक्षिक, ऊनषाण्मासिक, ऊनाब्दिक ही चार मिळून ती सोळा होतात. वास्तविक ती वर्षभरात त्या त्या वेळी करायची, परंतु ती झाल्यावाचून सपिंडी करता येत नाही, म्हणून सपिंडी बाराव्या दिवशी करायची असेल तर सोळाही आधीच उरकून घेतात. गोदान, शय्यादान, वस्त्रदान ही दाने ऐपतीप्रमाणे करावीत. प्रत्येक दानाला द्रव्यरूप पर्याय आहे आणि तो किती असावा याला शास्त्राने सक्ती केलेली नाही. येथे कोणी यजमानाच्या दुःखाचा फायदा घेऊन यादी वाढवत असेल, तर घरातील एखाद्या थोरल्या माणसाने नम्रपणे पण ठामपणे थांबवावे.

बाराव्या दिवसाचे सपिंडीकरण हा माझ्या दृष्टीने सर्व तेरा दिवसांचा गाभा आहे. मृताचा एक लांबट पिंड आणि त्याचे वडील, आजोबा, पणजोबा यांचे तीन पिंड समोर मांडतात. मग मृताच्या पिंडाचे तीन भाग करून एकेक भाग त्या तिघांच्या पिंडांत मिसळतात. याच वेळी अर्घ्याचे पाणीही एकमेकांत मिसळतात, आणि समान मनाने यमाच्या राज्यात राहणाऱ्या पितरांचा उल्लेख असलेले मंत्र म्हटले जातात. मृत व्यक्ती आई असेल तर तिचा पिंड तिच्या सासूच्या परंपरेत मिसळतात. या एका कृतीनंतर मृताच्या नावापुढचा प्रेत हा शब्द कायमचा जातो आणि तो पितर होतो. त्याबरोबरच पूर्वीचा पणजोबा पिंडांच्या तिघांतून वर सरकतो आणि लेपाचा, म्हणजे हाताला लागलेल्या पिंडशेषाचा, अधिकारी होतो. तीन पिंडांचे, तीन लेपाचे आणि देणारा स्वतः सातवा, असे सापिंड्य सात पिढ्यांचे मोजतात. सुतक कोणाला दहा दिवसांचे हे त्यावरूनच ठरते. मूळ नियम वर्षाच्या शेवटी सपिंडी करण्याचा आहे. कुळाचारांना अंत नाही, माणसाचे आयुष्य क्षीण होत असते आणि शरीर अस्थिर आहे, या कारणांनी बारावा दिवस प्रशस्त मानला गेला. इतर बरेच काही थोडक्यात करता येते. सपिंडी मात्र घाईने करू नये, आणि पिंड मिसळताना घरातील सर्वांना, मुलांनाही, जवळ बसवून काय चालले आहे ते समजावून द्यावे.

तेराव्या दिवशी निधनशांती, काही घरांत उदकशांती, आणि नंतर गोडाचे जेवण असते. हा दिवस मागे राहिलेल्यांसाठी आहे. कर्त्याला नवे वस्त्र देऊन नातलग त्याला पुन्हा व्यवहारात आणतात. जेवणावळ किती मोठी करावी याच्याशी मृताच्या गतीचा काहीही संबंध नाही. कर्ज काढून तेरावे घालणे हे मृताला आणि घराला दोघांनाही अन्यायकारक आहे.

काही प्रसंगांत वरील क्रम बदलतो. दोन वर्षांच्या आतील बालकांचे आणि संन्याशांचे दहन करत नाहीत, आणि लिंगायत समाजात दफनाची स्वतंत्र परंपरा आहे. धनिष्ठेच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंतच्या पाच नक्षत्रांत मृत्यू झाल्यास पंचक मानून दर्भाच्या पुतळ्या करून दहन करतात आणि नंतर शांती करतात. तेवढे केले की घरात आणखी पाच मृत्यू होतील वगैरे बोलण्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. देह मिळालाच नाही, तर पळसाच्या ३६० पानांची प्रतिकृती करून तिचे दहन करण्याचा पालाशविधी आहे आणि देहदान केलेल्यांच्या घरी दर्भाची प्रतिकृती करून पुढचे दिवस नेहमीप्रमाणे करता येतात.

आपल्या घरी सपिंडी बाराव्या दिवशी झालेली असल्याने आता उरते ते वर्षभरातील मासिकांचे (सपिंडीपूर्वी उरकली असली तरी ती त्या त्या वेळी पुन्हा करतात) आणि वर्षश्राद्धाचे काम. मासिके दर महिन्याला करणे जमत नसेल तर निदान त्या तिथीला तिलतर्पण करून एका व्यक्तीला भोजन अथवा शिधा द्यावा. वर्षश्राद्ध इंग्रजी तारखेला नसून मृत्यूच्या तिथीला असते, म्हणून वडिलांच्या निधनाचा महिना, पक्ष आणि तिथी पंचांगातून आजच काढून घरातल्या वहीत लिहून ठेवावी; अधिक मास मध्ये येत असेल तर वर्षश्राद्धाचा दिवस गुरुजींकडून आधी निश्चित करून घ्यावा. भाद्रपदाच्या कृष्ण पक्षातील महालय, म्हणजे पितृपक्षातले श्राद्ध, हे वर्षश्राद्ध झाल्यानंतर सुरू करण्याची चाल बहुतेक घरांत आहे, आणि त्याच पक्षात भरणी नक्षत्रावर करायचे भरणी श्राद्ध पहिल्याच वर्षी करायचे की नंतर, याबाबत आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचा आचार विचारून तो पुढे चालवावा.